कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरसाठी दाबनियंत्रकाची निवड : मुंबई उपनगरांतील घरगुती पेयपिंपांच्या संदर्भात

सारांश

पिंपात साठवलेल्या पेयात कार्बन डायऑक्साइड मुरवण्यासाठी व ते पेय नळावाटे बाहेर काढण्यासाठी सिलिंडर आणि पिंप यांच्यामध्ये दाबनियंत्रक, म्हणजेच बोलीभाषेतील रेग्युलेटर, बसवावा लागतो. बाजारात मिळणारे नियंत्रक दिसायला सारखे असले तरी त्यांचे कार्य सारखे नसते. प्रस्तुत लेखात कार्बन डायऑक्साइडचे भौतिक वर्तन, नियंत्रकाची अंतर्रचना, निवडीचे निकष आणि मुंबई उपनगरांतील हवामान व घरांचा आकार यांमुळे उद्‌भवणारे प्रश्न यांचे विवेचन केले आहे. वायू कोणता, आत येणारा दाब किती, बाहेर हवा असलेला दाब किती आणि पुढील भांडे किती दाब सोसू शकते, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच किमतीचा विचार करणे योग्य होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दाबनियंत्रक, कार्बन डायऑक्साइड, क्रांतिक तापमान, पेयपिंप, प्रयोगशाळा-सुरक्षा

1. प्रस्तावना

पेयात वायू मुरवण्याच्या तंत्राचा उगम मद्यनिर्मितीशीच जोडलेला आहे. इ. स. 1767 मध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी लीड्स येथील एका बिअर कारखान्यात आंबवणाच्या हौदावर साचणाऱ्या वायूत पाणी धरून पाहिले आणि त्या पाण्याला तजेलदार चव येते असे त्यांना आढळले. वायू द्रवात किती विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर अवलंबून असते, हा नियम विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडला. मुंबईकरांच्या परिचयाची गोळीची सोडा-बाटली ही हायरम कॉड यांनी 1872 च्या सुमारास सिद्ध केलेली युक्ती आहे. बाटलीतील वायूचा दाबच काचेच्या गोळीला वर रेटून बाटलीचे तोंड बंद ठेवतो.

गेल्या काही वर्षांत पिंपातून पेय देण्याची पद्धत महाराष्ट्रात पुन्हा चर्चेत आली. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही राज्यातील सुरुवातीच्या काळातील सूक्ष्म-मद्यनिर्मितीशाला सुरू झाली व पुढे अंधेरीतही तिची शाखा निघाली. अशा ठिकाणची नळावाटे पेय देण्याची मांडणी पाहून घरच्या शीतकपाटात 19 लिटरचे पोलादी पिंप ठेवून सोडा, लिंबू सरबत किंवा कोकम सोडा तयार करण्याची हौस काहींना वाटू लागली. पिंप, नळ्या आणि तोटी या वस्तू निवडणे तुलनेने सोपे असते. चूक होते ती बहुधा दाबनियंत्रकाच्या निवडीत, आणि तिचे परिणाम केवळ पेयाच्या चवीपुरते राहत नाहीत.

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांनाही दूरचा नाही. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व जैवतंत्रज्ञान विभागांत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, हेलियम आदी वायूंची सिलिंडरे वापरली जातात. तेथेही मागणीपत्रावर ‘गॅस रेग्युलेटर, 1 नग’ एवढाच उल्लेख असेल तर सर्वांत कमी दराची वस्तू येते आणि ती योग्य आहे की नाही याचा उलगडा वापरतानाच होतो.

2. कायद्याची चौकट

घरगुती पिंपाचा विचार करताना दोन कायदेशीर बाबी प्रथम ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली बाब मद्यनिर्मितीची. मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949, ज्याचे नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे, त्यानुसार राज्यात मद्य तयार करण्यास परवाना लागतो. स्वतःच्या घरी, स्वतःपुरती बिअर आंबवणेही परवान्याविना या चौकटीत बसत नाही. काही पाश्चात्त्य देशांत गृहनिर्मित बिअरला जी मुभा आहे ती येथे गृहीत धरून चालणार नाही. म्हणून पुढील विवेचनात बिअरचे आकडे तुलनेसाठी दिले असले, तरी उपनगरातील घराच्या संदर्भात सोडा व सरबते हेच पेय अभिप्रेत आहे. नियंत्रकाच्या दृष्टीने दोहोंत फरक आहे तो केवळ दाबाच्या आकड्याचा.

दुसरी बाब सिलिंडरची. दाबाखालील वायूच्या सिलिंडरांचे नियमन गॅस सिलिंडर नियम, 2016 अन्वये होते आणि त्याची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. सिलिंडर मान्यताप्राप्त असावे, त्यावर जलदाब चाचणीची तारीख कोरलेली असावी आणि ते अधिकृत केंद्रातूनच भरून घ्यावे. अग्निशामक नळकांड्यातून किंवा मोठ्या सिलिंडरातून घरच्या घरी लहान सिलिंडर भरण्याचा उद्योग कोणत्याही सबबीवर करू नये.

3. सिलिंडरमधील वायूचे वर्तन

नियंत्रकाची निवड समजून घ्यायची तर सिलिंडरच्या आत काय असते ते पाहिले पाहिजे. नायट्रोजन वा ऑक्सिजन सिलिंडरमध्ये वायुरूपातच असतो. जसजसा वायू वापरला जातो तसतसा त्याचा दाब एकसारखा उतरत जातो. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. तो सिलिंडरमध्ये बहुतांशी द्रवरूपात असतो आणि द्रवावर त्याची वाफ असते. जोपर्यंत थोडासा जरी द्रव शिल्लक आहे तोपर्यंत दाब ठरतो तो तापमानावरून, शिल्लक वायूवरून नव्हे. शीतकपाटातील 4 अंश सेल्सिअसला हा दाब सुमारे 39 बार, 20 अंशाला सुमारे 57 बार आणि 30 अंशाला सुमारे 72 बार असतो.

यातून पहिला व्यावहारिक निष्कर्ष निघतो. उच्चदाब बाजूच्या मापीवरून सिलिंडर किती रिकामे झाले हे कळत नाही. शीतकपाटात ठेवलेल्या सिलिंडरचा काटा 40 च्या खाली गेला म्हणून ते निम्मे संपले असे मानणे चुकीचे ठरते. शिल्लक वायू जाणून घेण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे सिलिंडरचे वजन करणे आणि त्यावर कोरलेले रिकामे वजन त्यातून वजा करणे. 19 लिटर सोड्यात वायू मुरवून तो पूर्णपणे बाहेर काढण्यास साधारण पाव किलो वायू लागतो. म्हणजे गळती नसल्यास 2 किलोच्या सिलिंडरवर सात-आठ पिंपे निघावीत. दोन-तीन पिंपांतच सिलिंडर संपत असेल तर कोठेतरी गळती आहे असे समजावे.

दुसरा निष्कर्ष मुंबईच्या हवेशी निगडित आहे. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजातील प्राध्यापक थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये दाखवून दिले की, सुमारे 31 अंश सेल्सिअसच्या वर कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही. हेच त्याचे क्रांतिक तापमान. मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान या मर्यादेच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट आहे. या मर्यादेपलीकडे सिलिंडरमधील दाब तापमानाबरोबरच किती वायू भरला आहे यावरही अवलंबून राहतो आणि झपाट्याने चढतो. प्रतिलिटर आकारमानामागे सुमारे 0.67 किलो वायू भरलेल्या सिलिंडरात 35 अंशाला दाब 90 बारच्या आसपास जातो, तर 45 अंशाला 120 बारच्या घरात पोहोचतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गॅलरीत, पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत 45 अंश तापमान सहज होते. थंड प्रदेशातील पुस्तकांत ‘आतला दाब सुमारे 55 बार’ असे वाचून त्या बेताने नियंत्रक घेणारा उपनगरवासी या ठिकाणी फसतो.

4. दाबनियंत्रकाची रचना व कार्य

नियंत्रकात तीन घटक मुख्य असतात. वरच्या खुंटीने दाबली जाणारी स्प्रिंग, तिच्याखाली लवचीक पडदा आणि पडद्याला जोडलेली लहानशी झडप. स्प्रिंग झडप उघडू पाहते, तर बाहेर पडलेल्या वायूचा दाब पडद्याला वर रेटून ती बंद करू पाहतो. ही दोन बले जेथे समतोल होतात तो दाब बाहेर मिळतो. पिंपातून पेय काढले की पिंपातील दाब उतरतो, पडदा खाली येतो, झडप किंचित उघडते आणि तूट भरून निघाली की पुन्हा मिटते. हे कार्य विजेविना, आपोआप चालते.

येथे एका नेहमीच्या गोंधळाचा उल्लेख आवश्यक आहे. पाण्याचा नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो, परंतु नियंत्रकाची खुंटी उजवीकडे फिरवली की स्प्रिंग आवळली जाते आणि दाब वाढतो. घाईत ‘बंद’ करण्याच्या हेतूने खुंटी आवळणारी व्यक्ती प्रत्यक्षात पिंपावरचा दाब वाढवत असते.

स्वयंपाकघरातील गॅसचा नियंत्रक याच तत्त्वावर चालतो, पण त्याची जातकुळी वेगळी आहे. 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरावरील नियंत्रक साधारण 30 मिलिबार, म्हणजे एका बारच्या शंभरातील तीन भाग एवढाच दाब बाहेर देतो. नळाने येणाऱ्या महानगर गॅसचा घरातील दाब तर सुमारे 21 मिलिबार असतो. पेयपिंपाला लागणारा दाब याच्या कित्येक पट अधिक आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधील दाब स्वयंपाकाच्या गॅसच्या दाबाहून कितीतरी जास्त असल्याने, हा नियंत्रक कोणत्याही जोडणीने येथे वापरणे धोक्याचे आहे.

5. एका टप्प्याचा की दोन टप्प्यांचा

विक्रेते दोन टप्प्यांचा नियंत्रक ‘अधिक चांगला’ म्हणून पुढे करतात. तो अधिक महाग असतो हे खरे, परंतु तो नेहमीच आवश्यक असतो असे नाही. एका टप्प्याच्या नियंत्रकात आत येणारा दाब कमी झाला की बाहेरचा दाब थोडा वाढतो, कारण झडपेला बंद ठेवण्यास मदत करणारे आतील दाबाचे बल कमी होते. उदाहरणादाखल, आतील दाबात होणाऱ्या घटीच्या एक टक्का एवढी वाढ बाहेर होते असे मानू. नायट्रोजनच्या सिलिंडरचा दाब वापराबरोबर 150 बारपासून 20 बारपर्यंत उतरला तर बाहेरचा दाब सुमारे 1.3 बारने चढेल. वायु-वर्णलेखनासारख्या उपकरणात असा चढ मोजमाप बिघडवतो, म्हणून तेथे दोन टप्प्यांचा नियंत्रक योग्य ठरतो.

कार्बन डायऑक्साइडमध्ये मात्र द्रव शिल्लक असेपर्यंत आतील दाब जवळजवळ स्थिर असतो. त्यामुळे एका टप्प्याचा चांगला नियंत्रक पुरेसा आहे. प्रश्न येतो तो अखेरीस. शेवटचा द्रव उडून गेला की आतील दाब 60 बारवरून वेगाने उतरू लागतो आणि वरील हिशेबाने बाहेरचा दाब अर्ध्या बारने वाढू शकतो. 0.8 बारवर लावलेले पिंप 1.3 बारवर जाते आणि पेय फेसाळते. म्हणून सिलिंडर पूर्ण रिकामे होईपर्यंत न थांबता वजन पाहून ते वेळीच बदलणे हाच स्वस्त उपाय होय. नायट्रोजनमिश्रित वायूवर चालणाऱ्या काळ्या बिअरच्या मांडणीला हा युक्तिवाद लागू पडत नाही, कारण त्या मिश्रणातील नायट्रोजन द्रवरूप होत नाही.

6. निवडीचे निकष

(अ) वायूनुरूप जोडणी. भारतीय मानक आयएस 3224 नुसार निरनिराळ्या वायूंच्या सिलिंडर-झडपांची तोंडे वेगवेगळ्या आट्यांची असतात. चुकीचा नियंत्रक बसूच नये हा त्यामागील हेतू आहे. परदेशातून आणलेल्या नियंत्रकाचे आटे त्या देशाच्या मानकाप्रमाणे असतात. अमेरिकी नियंत्रकावर सीजीए 320 ही जोडणी असते व ती येथील सिलिंडरावर जुळेलच असे नाही. टेफ्लॉनची फीत गुंडाळून किंवा पान्याने जोर लावून ती बसवणे म्हणजे 70 बारचा दाब दोन-तीन आट्यांच्या भरवशावर सोडणे होय. एकदा ऑक्सिजनला वापरलेला नियंत्रक दुसऱ्या वायूला आणि दुसऱ्याचा ऑक्सिजनला लावू नये. ऑक्सिजनच्या मार्गात तेलाचा अंश राहिल्यास तो पेट घेऊ शकतो.

(आ) प्रवेशदाबाची क्षमता. उन्हाळ्यातील 120 बारची शक्यता लक्षात घेता, आतील बाजूचा मापी किमान 0 ते 200 बारचा असावा आणि नियंत्रकाच्या अंगावर कोरलेली कमाल क्षमता त्यास अनुरूप असावी.

(इ) निर्गमदाबाचा पल्ला. 4 अंश सेल्सिअसला सर्वसाधारण बिअरसाठी सुमारे 0.8 बार, तर सोड्यासाठी 1.7 ते 2 बार दाब लागतो. हा वातावरणाच्या दाबाहून अधिक असलेला, मापीवर दिसणारा दाब समजावा. नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात सहज मिळणारे कार्बन डायऑक्साइड नियंत्रक बहुधा वेल्डिंगसाठी असतात. त्यांपैकी काहींवर दाबाऐवजी मिनिटाला किती लिटर वायू वाहतो हे दर्शवणारी काचनळी असते. असे यंत्र प्रवाह ठरवते, बंद पिंपातील दाब ठरवत नाही, म्हणून ते येथे निरुपयोगी आहे. दाब दाखवणारे नियंत्रक असले तरी 0 ते 16 बारच्या तबकडीवर 0.8 बार नेमका लावणे अवघड जाते. कामाचा दाब तबकडीच्या मधल्या तिसऱ्या भागात यावा असा पल्ला निवडावा. पेयासाठी 0 ते 4 बारचा मापी सोयीचा. बाजारातील काही तबकड्यांवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा पीएसआय असे एकक असते. 1 बार म्हणजे सुमारे 1.02 किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा 14.5 पीएसआय.

(ई) सुरक्षा झडप. नियंत्रकाच्या कमी दाबाच्या बाजूस स्वतःची सुरक्षा झडप असणे अत्यावश्यक आहे. तिचा दाब पुढील मांडणीतील सर्वांत दुर्बळ घटकाच्या क्षमतेहून कमी असावा. 19 लिटरची पोलादी पिंपे सामान्यतः 9 बारपर्यंतच्या दाबासाठी बनवलेली असतात, पण नळी, जोड किंवा प्लॅस्टिकची बाटली तेवढी सक्षम असेलच असे नाही. काचेची बाटली नियंत्रकाला थेट जोडू नये. नियंत्रकातील झडप निकामी झाली तर सिलिंडरचा पूर्ण दाब पुढे येतो आणि अशा वेळी सुरक्षा झडपेवाचून दुसरे संरक्षण उरत नाही.

(उ) एकतर्फी झडप व घडण. पिंपातील पेय उलट नळीत शिरून नियंत्रकात पोहोचले तर साखर व आम्ल झडपेच्या बैठकीवर बसतात आणि ती नीट मिटत नाही. यासाठी बाहेरच्या तोंडाशी एकतर्फी झडप असावी. समुद्रालगतच्या दमट, खारट हवेत साध्या पोलादी कवचाचे मापी लवकर गंजतात. पितळी किंवा निष्कलंक पोलादी घडण थोडी महाग असली तरी टिकते.

(ऊ) तापक. वेल्डिंगच्या काही नियंत्रकांना विजेचा तापक जोडलेला असतो, कारण वायू वेगाने प्रसरण पावताना तीव्र थंडावा निर्माण होऊन आतील मार्ग गोठतो. पिंपाला लागणारा प्रवाह मंद असल्याने तापकाची गरज नाही. पावसाळ्यात नियंत्रकावर दव किंवा हिम दिसू लागले तर प्रवाह अकारण वेगवान आहे, म्हणजे बहुधा गळती आहे, असे समजावे.

7. घराचा आकार आणि वायूची गळती

कार्बन डायऑक्साइड ज्वलनशील नाही म्हणून तो निर्धोक आहे, हा समज सर्वांत घातक आहे. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, तो खाली साचतो आणि स्वयंपाकाच्या गॅससारखा त्याला मुद्दाम मिसळलेला वास नसतो. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी हवेतील त्याचे प्रमाण 0.5 टक्क्यापर्यंत मर्यादित असावे असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, तर 4 टक्के हे प्रमाण जीवितास तत्काळ धोकादायक मानले जाते.

मुलुंड वा घाटकोपर येथील जुन्या इमारतीतील 3 मीटर लांब, 2.5 मीटर रुंद व 2.8 मीटर उंच खोली घेतली तर तिचे घनफळ 21 घनमीटर होते. 2 किलो वायू 30 अंशाला सुमारे 1.1 घनमीटर जागा व्यापतो. वातानुकूलनासाठी दारे-खिडक्या बंद असताना हे सिलिंडर पूर्ण गळले तर खोलीतील प्रमाण 5 टक्क्यांवर जाईल, आणि जमिनीलगत ते त्याहून अधिक असू शकेल. मुंबईत अनेक घरांत रात्री जमिनीवरच अंथरुणे घातली जातात हे ध्यानात घेता, शयनगृहात सिलिंडर ठेवणे सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे. 10 किंवा 20 किलोचे औद्योगिक सिलिंडर ‘स्वस्त पडते’ म्हणून सदनिकेत आणण्याचा मोहही याच हिशेबाने टाळावा. प्रयोगशाळेतील शीतगृहे, तळघरे व बंद उपकरण-कक्ष यांनाही हाच हिशेब लागू आहे. तेथे हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजणारा संवेदक बसवणे उचित होय.

8. वापरापूर्वीची तपासणी

सिलिंडर उभे ठेवून साखळीने भिंतीला बांधावे. आडवे झाल्यास नियंत्रकात द्रव शिरतो. जोडणीतील वर्तुळाकार चकती तपासावी, खुंटी डावीकडे पूर्ण सैल करावी आणि मग बाजूला उभे राहून सिलिंडरची झडप हळूहळू उघडावी. दाब लावल्यावर सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. त्यानंतर पुढील मार्ग बंद ठेवून पंधरा मिनिटे बाहेरच्या मापीकडे लक्ष द्यावे. काटा आपोआप वर सरकत असेल तर झडपेची बैठक खराब झाली आहे आणि तो नियंत्रक वापरातून काढला पाहिजे. नवा नियंत्रकही या चाचणीस अपवाद नाही. वापर संपल्यावर केवळ खुंटी सैल न करता सिलिंडरची झडप बंद करणे ही सवय लावून घ्यावी.

9. निष्कर्ष

दाबनियंत्रक ही सिलिंडरच्या किमतीत सामावलेली किरकोळ वस्तू नसून संपूर्ण मांडणीतील निर्णायक घटक आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी एका टप्प्याचा, 200 बारपर्यंतचा प्रवेशमापी, 0 ते 4 बारचा निर्गममापी, अंगभूत सुरक्षा झडप आणि आयएस 3224 प्रमाणे जुळणारी जोडणी असलेला नियंत्रक घरगुती सोड्यासाठी पुरेसा आहे. त्याहून महाग नियंत्रक घेतल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही, मात्र यांपैकी एकही गुण वगळल्यास ती निश्चितपणे घटते.

महाविद्यालयांनीही मागणीपत्रात वायूचे नाव, प्रवेशदाब, निर्गमदाबाचा पल्ला, टप्प्यांची संख्या, सुरक्षा झडप व जोडणीचे मानक या सहा बाबी स्पष्टपणे नोंदवाव्यात. असे केल्यास किमान दराची अट कायम ठेवूनही योग्य वस्तू मिळू शकते. खरेदी समितीला अपात्र निविदा नाकारण्यास लेखी आधारही प्राप्त होतो.